घर बघायला जानेवारीत या

भूमध्य समुद्राकाठी स्वस्तात राहायचं कसं, असं मला पुण्याहून विचारतात, मस्कतहून विचारतात, परवा न्यू जर्सीहून एका भाचेसुनेनेही विचारलं. मी सगळ्यांना पहिलं एकच सांगते: घर बघायला जानेवारीत या. जुलैत इथलं कुठलंही घर छान दिसतं.

आम्ही राहतो ते गाव वियाहोयोसा. स्पेनचा पूर्व किनारा, आलिकांते प्रांत. इथले लोक नुसतं ‘ला व्हिला’ म्हणतात. समुद्राकडे तोंड करून निळी, पिवळी, शेंदरी घरं उभी आहेत. होडीतून परतणाऱ्या कोळ्याला आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून तसे रंग दिले असं सांगतात. पलीकडे दहा किलोमीटरवर बेनिदोर्म, म्हणजे उंच हॉटेलं आणि इंग्रज पर्यटक. तिकडे राहू नका, तिकडे जाऊन या. ज्या गावात मासळीचा लिलाव आहे, शाळा आहे, इस्पितळ आहे, त्या गावात बारा महिने दुकानं उघडी असतात आणि भाव तिथल्या माणसाला परवडतील असे असतात. ला व्हिलात तिन्ही आहेत, वर एक चॉकलेटचा कारखाना.

ह्यांनी चोवीस वर्षं मस्कतला कंपनीचा हिशेब ठेवला आणि मी घराचा. त्याआधी मी रत्नागिरीला पतसंस्थेत होते, त्यामुळे वही लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. लेक जर्मनीत. तिच्याजवळ यायचं होतं, पण तिथल्या थंडीत ह्यांचे गुडघे नेऊन चालणार नव्हतं. म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये इथे आलो. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीतलं आहे.

आधी व्हिसा, कारण तिथेच निम्मे लोक गळतात. काम न करता राहणाऱ्यांसाठी स्पेनचा एक राहण्याचा परवाना आहे. अट अशी की तुमचं उत्पन्न त्यांच्या ‘इप्रेम’ नावाच्या निर्देशांकाच्या चौपट हवं. इप्रेम २०२३ पासून महिना ६०० युरो आहे. म्हणजे एका माणसाला महिना २,४०० आणि बरोबरच्या प्रत्येकामागे आणखी ६००. नवरा-बायकोचे वर्षाला ३६,००० युरो झाले. पेन्शन, भाडं, व्याज, ठेवी सगळं दाखवता येतं. इथे राहायला आम्हाला प्रत्यक्षात याच्या निम्म्याहून थोडे जास्त लागतात, पण कागदावर पूर्ण दाखवावे लागतात. ज्यांना हे जमत नाही त्यांना ‘काहीतरी मार्ग निघेल’ असं मी सांगत नाही. या परवान्यावर नोकरी करता येत नाही, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणंही त्यात धरतात. काम करणाऱ्या तरुणांसाठी २०२३ पासून वेगळा व्हिसा आहे, त्याला इथल्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न लागतं. आणि घर विकत घेऊन व्हिसा मिळवायची सोय एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. एजंट अजून तिच्या जाहिराती करतात, तिकडे लक्ष देऊ नका.

कागद जमवायला चार महिने धरा. पासपोर्ट कचेरीचा पोलिस दाखला, ठरावीक मजकुराचं वैद्यकीय प्रमाणपत्र, विम्याचा कागद आणि लग्नाचा दाखला. आमचं लग्न १९८६ चं. पत्रिका, फोटो आणि रुखवताची यादी सोडली तर पुरावा काही नाही. उशिराची नोंदणी करायला गेलो तर फॉर्मवर लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी, आणि भटजी केव्हाच वारलेले. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार म्हणून दोन म्हाताऱ्या आत्या, असं करत दाखला मिळाला. तेव्हा ज्यांचं लग्न नोंदवलेलं नाही त्यांनी हे काम आजच सुरू करा. दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो आणि स्पॅनिश भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवं. पोलिस दाखला सर्वांत शेवटी काढा, तो लवकर शिळा होतो.

नावाचं एक सांगते. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बापाचं, दुसरं आईचं. आपलं मधलं नाव त्यांना पहिलं आडनाव वाटतं. त्यामुळे दवाखान्यात माझा नंबर आला की नर्स ‘सेन्योरा सुरेश’ अशी हाक मारते आणि दोघंही उठतो. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टात जसं आहे तसंच लिहा, बँकेत, विम्यात, वीजबिलावर. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर पुढे नूतनीकरणाला आठवडा जातो.

पोचल्यावर दोन कामं. नगरपालिकेत ‘पाद्रोन’मध्ये नाव घालायचं, म्हणजे रहिवाशांची नोंदवही. आणि महिन्याच्या आत पोलिसांकडे ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे द्यायचे. दोन्हीकडे आधी वेळ घ्यावी लागते, तिला इथे ‘थीता’ म्हणतात. आमची कोलंबियन शेजारीण तोच शब्द ‘सीता’ असा उच्चारते. पोलिसांच्या संकेतस्थळावर वेळच मिळेना, तेव्हा रोज सकाळी आठला हे संगणकासमोर बसायचे आणि मी चहा ठेवताना विचारायची, सापडली का सीता? अकराव्या दिवशी सापडली, आमच्या गावात नाही, पन्नास किलोमीटरवर. मिळेल तिथली घ्या.

आता घर. हा भाग नीट वाचा, बाकीचं वरवर वाचलं तरी चालेल.

आलो तेव्हा आम्ही जुन्या गावातल्या एका गल्लीत घर घेतलं. जाहिरातीत ‘समुद्र दिसतो’ असं होतं. दिसायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केली की. दिवाणखाना उत्तरेला, समोर हाताच्या अंतरावर दुसरी भिंत. ऑक्टोबरात गार वाटलं, बरं वाटलं. डिसेंबरात लादी बर्फासारखी झाली. या किनाऱ्यावरची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: संगमरवरी लादी, पातळ भिंती, आणि हिवाळ्यात घर तापवायची सोय शून्य. जानेवारीत बाहेर बाकावर १८ अंश आणि घरात १३. आम्ही स्वेटर घालून घरात आणि काढून बाहेर जायचो. कपाटाच्या मागे बुरशी आली, तशी रत्नागिरीला जुलैत येते. त्या एका जानेवारीचं वीजबिल १४० युरो आलं आणि तरी पाय गारच.

कारण साधं आहे. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर असतो. दक्षिणेला खिडकी असेल तर ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत येऊन बसतं, फुकट. जूनमध्ये तोच सूर्य ७५ अंशांवर असतो, तेव्हा तीच खिडकी वरच्या बाल्कनीच्या सावलीत जाते. म्हणजे दक्षिणेचं घर थंडीत ऊबदार आणि उन्हाळ्यात बऱ्यापैकी गार. उत्तरेच्या घराचं भाडं पन्नास-साठ युरो कमी असतं. ते वाचलेले पैसे विजेत जातात आणि वर गुडघेदुखी.

म्हणून जानेवारीत या, आणि घर बघायला सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मध्ये जा. जमिनीवर ऊन पडलंय का ते बघा. कपाट उघडून वास घ्या. कपाट भिंतीपासून थोडं ओढून मागे हात फिरवा. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर समजा. मागच्या हिवाळ्याचं वीजबिल मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच. मग खाली उतरून इमारतीकडे बघा. किती बाल्कन्यांत कपडे वाळताहेत, किती कुंड्यांना पाणी आहे? सगळे रोलर पडदे खाली ओढलेले असतील तर ती उन्हाळ्यापुरती घरं आहेत. तिथे लिफ्ट फेब्रुवारीत बिघडली तर जूनपर्यंत कोणी विचारत नाही.

दुसरी ठेच करारात लागली. पहिल्या घराचा करार ‘हंगामी’ होता, आम्हाला वाटलं नुसता शब्द आहे. मालकाने मे महिन्यात नम्रपणे कळवलं की ३० जूनला घर मोकळं करा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ते आठवड्याच्या हिशेबाने पर्यटकांना जातं. कायद्याने त्याचं बरोबर होतं. सप्टेंबर ते जून घर द्यायचं आणि उन्हाळ्यात काढून घ्यायचं, ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. आम्ही सामान एका गॅरेजमध्ये टाकलं आणि दोन महिने आत डोंगराकडे ओर्चेता नावाच्या खेड्यात एका खोलीत काढले. त्यामुळे जुलैअखेरचा ला व्हिलाचा मोठा सण हुकला. १५३८ साली चाच्यांनी केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून पहाटे समुद्रातून होड्या किनाऱ्याला आणतात, ते त्या वर्षी फक्त शेजारणीच्या फोनवर बघितलं.

तेव्हा मागायचा तो कायम वास्तव्याचा करार. मालक खासगी माणूस असेल तर भाडेकरूला पाच वर्षं राहायचा हक्क मिळतो. कायद्याने अनामत एक महिन्याची, वर जास्तीत जास्त दोन महिन्यांची जादा हमी. मे २०२३ पासून दलालीही मालकाने द्यायची आहे. आम्ही त्याआधीचे, एक महिन्याचं भाडं दलालाला दिलं. इथले मालक पगाराची चिठ्ठी मागतात, ती आपल्याकडे नसते. मी बँकेची कागदपत्रं स्पॅनिशमध्ये करून घेतली आणि दोन महिन्यांची हमी आपणहून पुढे केली. तिसऱ्या घरमालकिणीने होकार दिला. सप्टेंबर २०२२ ला ६५० युरोवर सही झाली. भाडेवाढीवर सरकारी मर्यादा होती, २०२३ ला दोन टक्के, २०२४ ला तीन, आता वेगळा निर्देशांक आहे. सध्या सातशेला दोन-तीन युरो कमी पडतात. आज त्याच जिन्यात नव्या माणसाला नऊशे सांगतात. भाव चढलेत, ते लपवण्यात अर्थ नाही. नऊशे जड वाटत असतील तर समुद्रापासून पंधरा मिनिटं आत सरका. समुद्र तेवढ्याने कुठे जात नाही.

तळमजला मात्र नको, स्वस्त मिळाला तरी. इथे वर्षाला तीनशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे रत्नागिरीचा जुलैतला एखादा वाईट दिवस. पण शरद ऋतूत तो कधीकधी एकदम कोसळतो. कोरडी पडलेली नाली, जिला ‘रांब्ला’ म्हणतात, तासाभरात नदी होते. सप्टेंबर २०१९ मध्ये आलिकांतेच्या दक्षिणेला असं झालं, आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला वलेन्सिया प्रांतात २२० हून जास्त माणसं गेली. चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर आम्ही इकडे येण्याआधी तीनच महिने बघितला होता, माझ्या मावसबहिणीच्या माळ्यापर्यंत पाणी. त्यामुळे घर बघताना ‘रांब्ला कुठे आहे?’ हा प्रश्न मला शिकवावा लागला नाही.

विजेचं गणित मला आवडतं. सरकारी नियमनाच्या दरात दिवसाचे तीन भाग असतात. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा महाग; रात्री बारा ते सकाळी आठ स्वस्त; शनिवार-रविवार आणि सणाला अख्खा दिवस स्वस्त. कपडे, इस्त्री, चकल्यांची भाजणी दळणं, सगळं मी रविवारी करते. बिलात एक ठरलेला आकारही असतो, तुम्ही किती किलोवॅट घेतले त्यावर. आधीच्या भाडेकरूने ५.७५ ठेवले होते, आम्ही ३.४५ वर आणले. ओव्हन आणि गीझर एकदम लावले तर फ्यूज उडतो, एवढंच. शेगडीला केशरी सिलिंडर, ‘बोंबोना’, साडेबारा किलोचा. भाव सरकार दर दोन महिन्यांनी ठरवतं, साधारण सोळा-सतरा युरो, आणि माणूस खांद्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून देतो. त्याला मी लिंबू सरबत देते. घरातली लिंबं नाहीत, पण इथे लिंबू ही विकत घ्यायची वस्तू आहे असं शेजारी मानत नाहीत. कोणीतरी पिशवी दाराला अडकवून जातं.

बाजार गुरुवारचा. एक वाजून गेल्यावर जा, उठायच्या वेळी भाव पडतात, आपल्यासारखंच. भाजीवाली वर जुडी टाकते ती कोथिंबिरीची नसते, ‘पेरेखील’ची, दिसायला जुळी बहीण, चवीला परकी. कोथिंबीर मोरोक्कन दुकानात मिळते. मसुरीच्या जवळची छोटी तपकिरी डाळ आणि हरभरे कुठेही स्वस्त. तूरडाळ, पोह्यांसाठी आणि चपातीच्या कणकेसाठी महिन्यातून एकदा बेनिदोर्मच्या आशियाई दुकानात, ट्रामने. इथल्या सुपरमार्केटचं ‘संपूर्ण गव्हाचं पीठ’ पोळीला घेऊ नका, पापड होतो. ऑलिव्ह तेल २०२४ च्या सुरुवातीला लिटरला नऊ-दहा युरोंवर गेलं होतं, तेव्हा सगळं गाव सूर्यफुलाच्या तेलावर आलं आणि त्याची रोज चर्चा करायचं.

मासे हीच आमची खरी चैन. ट्रॉलर दुपारी परततात. बोकेरोन म्हणजे आमची मांदेली थोड्या मोठ्या अंगाची, सार्दिना म्हणजे तारली, काबाया बांगड्याचा चुलतभाऊ. हे तिन्ही स्वस्त, कारण पर्यटक कोळंबी मागतात. ह्यांना आमसुलाचं तिखलं लागतं, ते सार्दिनाचं उत्तम होतं. बाहेर जेवायचं तर दुपारी, आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी. पाटीवर ‘मेनू देल दिया’ लिहिलेलं असतं: दोन पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं तेरा-चौदा युरोंत. रात्री तेच टेबल दुप्पट पैसे घेतं. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढंच म्हणू नये. ट्यूना आणि हॅम यांना इथे मांस समजत नाहीत.

आजारपणाचा खर्च लोक विसरतात. व्हिसाला खासगी विमा लागतो, तोही असा की दवाखान्यात वेगळे पैसे द्यावे लागू नयेत. पाद्रोनमध्ये वर्ष झालं की सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून शिरता येतं: पासष्टच्या आत महिना ६० युरो, पुढे १५७. ह्यांना मधुमेह आहे आणि खासगी विम्याचा हप्ता वाढतच होता, म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. औषधं पूर्ण किमतीत घ्यावी लागतात, पण मेटफॉर्मिनचं पाकीट दोन-तीन युरोंचं असतं.

तर वही: भाडं ६९८, वीज सरासरी ५८, गॅस २०, पाणी १७, इंटरनेट-फोन ३८, आरोग्य २१७, किराणा-भाजी-मासे ४००, बाहेरचं जेवण ११०, ट्राम-बस ३४, औषधं आणि किरकोळ ६०. बेरीज १,६५२. स्वतःची गाडी नाही. रत्नागिरीच्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत. रत्नागिरीत याच्या निम्म्यात राहता येतं. इथे येऊन पैसे वाचतील असं कुणी म्हणालं तर तो जर्मनीशी किंवा इंग्लंडशी तुलना करत असतो.

वहीत न दिसणारी सर्वांत मोठी रक्कम रुपयाची आहे. आलो तेव्हा युरो ८७ रुपयांच्या आसपास होता, आता शंभराच्या वर. तेवढाच बाजार, तेवढंच भाडं, आणि महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार रुपये जास्त. उत्पन्न रुपयांत असेल तर दोन वर्षांच्या खर्चाचे पैसे आधीच युरोत करून ठेवा. भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं, करून घ्या, भाडं आणि व्याज तिथे जमा होतं आणि तिथून पाठवता येतं.

कर हा विषय मात्र स्वतःच्या डोक्याने करू नका. वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस इथे राहिलात की जगभरच्या उत्पन्नावर इथे कर. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं दोन्हीकडे दाखवायचं, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. पण आपलं करमुक्त पीपीएफ इथे करमुक्त नाही, हे ह्यांना कळलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. परदेशातल्या ठेवी ५०,००० युरोंवर असतील तर ३१ मार्चच्या आत वेगळं विवरणपत्र, क्रमांक ७२०. त्यासाठी ‘हेस्तोर’ असतो, आपल्याकडच्या कर सल्लागारासारखा.

आणि गावी किती दिवस जायचं? परवाना आधी एक वर्षाचा, मग दोन, मग दोन. पाच वर्षांनी कायमचा हवा असेल तर त्या पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांहून जास्त बाहेर राहता येत नाही. वर्षाला दोन महिने. गणपती, की हापूस, असा दर वर्षी आमच्याकडे वाद होतो. हापूस बॅगेत घालून आणता येत नाही, युरोपात ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो; नारळ, केळी, अननस चालतात. तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतात. सुकट आणि सोडे मात्र चालतात, नीट बांधलेले असले तर. गेल्या खेपेला बॅगेत चार नारळ, किलोभर आमसुलं आणि सुकट होती. कस्टमच्या तरुणाने पाकीट उघडलं, वास घेतला, आणि पटकन बंद करून आम्हाला जायला सांगितलं.